गुंडाळा, बांधा, कापा : उरलेल्या लोकरीतून मुलांबरोबर हॅलोविनची सजावट

नाशिकला थंडी खरी पडते. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. इथल्या घरांत लोकर सापडते ती त्यामुळेच. बाळासाठी विणलेली टोपडी, नातवाचा स्वेटर, कुणाची अर्ध्यावर राहिलेली शाल, प्रत्येकातून थोडी थोडी उरते आणि पिशवीत जाऊन पडते. आमच्या इंदिरानगरच्या घरात माळ्यावर अशी एक पिशवी आहे. सोसायटीतल्या मुलांनी हॅलोविनचा हट्ट धरला, तेव्हा ती खाली काढली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात आमच्या हॉलमध्ये चटई पसरली जाते आणि आठ-दहा मुलं तिच्यावर ठाण मांडून बसतात.

बाजारात प्लास्टिकचे कोळी आणि कागदी भोपळे तयार मिळतात, तरी मी लोकरच धरून आहे. कागद चुकीचा कापला की तो गेला. रंग सांडला की मूल हिरमुसतं. लोकर मात्र उसवता येते. गाठ चुकली, सोडा. गुंडाळी सैल झाली, पुन्हा घ्या. पाच वर्षांच्या मुलाला आपली चूक आपल्याच हाताने परत उलगडता येते, आणि असं दोनदा झालं की ते मूल 'मला येत नाही' म्हणणं सोडून देतं. हे मी माझ्या नातवात पाहिलं आहे.

शिवाय विणकाम यावं लागत नाही. सुया नकोत, क्रोशाही नको. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या वस्तू तीनच कामांतून होतात : गुंडाळायचं, बांधायचं, कापायचं. पहिला कोळी नीट जमला की पुढचं मुलं स्वतःच करू लागतात. म्हणून कोळ्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

मुलं विचारतातच, म्हणून सणाबद्दल थोडं. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो, कारण १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा स्मरणदिन आणि ही त्याच्या आदली रात्र. मुळं त्याहून जुनी आहेत. आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून हिवाळा लागताना साउइन नावाचा सण असे, आणि त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात असा समज होता. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि सलगमची जागा भोपळ्याने घेतली. आपल्याकडे पितृपक्षात गेलेल्यांना पान वाढतात आणि त्या पानावर डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी असते. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांचा पण भोपळाच!" मला तिचं म्हणणं आवडलं.

वेळ कसा काढायचा

दिवाळी कधी ३१ ऑक्टोबरच्या आधी येते, कधी नंतर. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती. तेव्हा आधी पंचांग पाहा, शाळेच्या परीक्षा पाहा आणि साधारण आठवडाभर आधी सुरुवात करा. एका संध्याकाळी एकच वस्तू. पाच-सहा वर्षांची मुलं वीस-पंचवीस मिनिटं मन लावून बसतात, मग त्यांना पळायचं असतं. त्यांना पळू द्यावं. आठ वर्षांपुढची तासभर रमतात. सगळ्या वस्तू एका दिवशी उरकायच्या ठरवल्या, तर शेवटी सगळं आईच करते आणि मुलं टीव्ही बघतात.

सामान

लोकर काळी, पांढरी, केशरी आणि थोडी जांभळी किंवा हिरवी. अ‍ॅक्रेलिकची साधी चार पदरी लोकर उत्तम. ती स्वस्त असते आणि फुलतेही छान. घरात नसेल तर मेन रोडच्या बाजूच्या गल्ल्यांत, बटणं-लेस-अस्तर विकणाऱ्या दुकानांत मिळेल. प्रत्येक रंगाचा एक गुंडा चार-पाच मुलांना सहज पुरतो. फार केसाळ लोकर घेऊ नका, मुलांच्या बोटांत अडकते आणि कापताना दिसत नाही.

त्याशिवाय खोक्याचा जाड, नालीदार पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्र, फेविकॉल, चिकटपट्टी, जाड सुती दोरा, एकेकटे उरलेले पायमोजे आणि दोन प्रकारच्या कात्र्या : मुलांसाठी बोथट टोकाची, तुमच्यासाठी धारदार. धारदार कात्री तुमच्या मांडीखाली ठेवा. हे अक्षरशः करा, कारण चटईवर ठेवलेली कात्री लोकरीखाली गडप होते.

लोकरीचा मोठा गुंडा मुलांच्या हातात द्यायचा नाही. तो घरंगळतो, दुसऱ्याच्या गुंड्यात मिसळतो आणि अर्धी संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाते. गुंडा खोल पातेल्यात किंवा कळशीत ठेवायचा आणि टोक बाहेर काढायचं. आमच्याकडे चार मुलांना चार पातेली मिळतात.

आणि एक नियम सुरुवातीलाच सांगायचा : लोकर बोटाला गुंडाळायची नाही आणि गळ्यात घालायची नाही. बोटावर गोंडा करायची पद्धत सगळीकडे दाखवतात, पण मुलं जोर लावून ओढतात आणि बोट निळं पडतं. पुठ्ठाच वापरा. तीन वर्षांखालचं भावंड शेजारी असेल तर लोकरीचे कापलेले तुकडे आणि चिकटवायचे डोळे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

गोंड्याचा कोळी

जाड पुठ्ठ्याचा ६ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच तुकडा कापा. वरच्या कडेपासून मधोमध १ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर खोल खाच काढा. घोड्याच्या नालेसारखा, दोन दांड्यांचा आकार तयार होईल. ही खाच म्हणजे या सगळ्या कामाची किल्ली. गुंडाळी पुठ्ठ्यावर असतानाच तिच्यातून दोरा ओवून बांधता येतं. खाच नसेल तर गुंडाळी आधी पुठ्ठ्यावरून उतरवावी लागते आणि मुलांच्या हातात ती विस्कटते.

काळ्या लोकरीचं टोक अंगठ्याखाली दाबून दोन्ही दांड्यांवरून आडवं गुंडाळायला लागा. १०० वेढे. मोजणं मुलांवर सोडा. पहिलीतलं मूल शंभरपर्यंत मोठ्याने मोजतं, मध्येच चुकतं, शेजारचं दुरुस्त करतं. वेढे ताणून घ्यायचे नाहीत. ताणले की दांड्या एकमेकींकडे झुकतात आणि खाच बंद होते. लोकर फक्त पुठ्ठ्याला टेकली पाहिजे. एका वेढ्याला साधारण १२ सेंटिमीटर लागते, म्हणजे शंभर वेढ्यांना १२ मीटर. उरलेल्या गुंडीत एवढी आहे का, ते आधी अंदाजून घ्या.

आता बांधणं. लोकरीनेच बांधू नका. अ‍ॅक्रेलिकची लोकर जोरात ओढली की तटकन तुटते. जाड सुती दोरा हातभर घ्या, खाचेतून गुंडाळीच्या खालून आत घालून वरून बाहेर काढा आणि गाठ मारा. पहिल्या गाठीत दोरा एकदाऐवजी दोनदा फिरवायचा, म्हणजे दुसरी गाठ मारेपर्यंत पहिली सैल पडत नाही. इथे मोठ्या माणसाने ओढावं आणि मुलाने गाठीवर बोट धरावं. गुंडाळीची कंबर आवळली गेली पाहिजे, डमरूसारखी. गोंडा पुढे सुटला तर ते इथल्या ढिलाईमुळेच.

मग दोन्ही बाजूंचे वेढे पुठ्ठ्याच्या कडेवरून कापायचे. कात्रीचं खालचं पातं वेढ्यांच्या आत सरकवा आणि थोडे थोडे कापा. पुठ्ठा काढला की हातात एक विस्कटलेलं, एकसारखं नसलेलं काळं फूल येतं. इथे मुलं हमखास नाराज होतात. "आजी, माझा वाकडा झाला!" थांबा म्हणावं. वर्तमानपत्र पसरा, गोंडा तळहातांत लाडवासारखा वळा, मग बाहेर आलेली टोकं छाटा. छाटताना कात्री एका जागी धरायची आणि गोंडा फिरवायचा. थोडं छाटून पुन्हा वळायचं. चार-पाच फेऱ्यांत ५ सेंटिमीटरचा घट्ट, मऊ चेंडू होतो. तो हातात आल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. गालाला लावून बघितल्याशिवाय एकही मूल राहत नाही.

हे कोळ्याचं पोट झालं. कोळी म्हणजे कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि शरीराचे दोन भाग. पाय फुटतात ते पुढच्या, डोक्याच्या भागातून, पोटातून नाही. म्हणून आणखी एक लहान गोंडा करा : ४ सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा, ६० वेढे, साधारण ५ मीटर लोकर. दोन्ही गोंड्यांच्या बांधलेल्या दोऱ्यांची टोकं एकमेकांना घट्ट बांधा.

पायांसाठी आदल्या दिवशीच तयारी लागते. काळ्या लोकरीचे २० सेंटिमीटरचे चार तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून, बोटांनी निपटून प्लास्टिकच्या पिशवीवर पसरवा आणि गुडघे दुमडल्यासारखी वळणं द्या. रात्रभरात ते कडक होतात. दुसऱ्या दिवशी चारही तुकडे मध्यावर एकत्र बांधून लहान गोंड्याच्या पोटाशी, लोकर बाजूला सारून, फेविकॉलने बसवा. दोन्हीकडे चार-चार पाय. पाइप क्लीनर वापरले तरी चालतात, पण त्यांत तार असते, तिची टोकं आत वळवून घ्या. डोळे पांढऱ्या कागदाचे. बऱ्याच कोळ्यांना आठ डोळे असतात हे कळल्यावर आमच्याकडे कुणीही दोन डोळ्यांचा कोळी करत नाही.

द्राक्षाच्या काड्यांवरचं जाळं

ही वस्तू मला सर्वांत आवडते, कारण ती नाशिकचीच वाटते. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी असते आणि पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडे कापलेल्या काड्यांचे ढीग पडतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पेन्सिलीएवढ्या जाड, ४५ सेंटिमीटर लांब काड्या आणायच्या. बागेवर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून काड्या साबणाच्या पाण्याने धुवून दोन दिवस उन्हात वाळवल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. काड्या मिळाल्या नाहीत तर खराट्याचे पाच-पाच हीर एकत्र बांधून घेता येतात. टोकं मात्र चिकटपट्टीने झाकायची.

तीन काड्या मधोमध एकमेकींवर ठेवून सहा टोकांची चांदणी करा आणि मध्यभागी सुती दोऱ्याने आडवं-उभं गुंडाळून पक्कं बांधा. काड्या हलल्या तर पुढे जाळं तिरकं होतं, म्हणून हे बांधकाम तुम्ही करा.

मुलाला ७ मीटर लोकर छोट्या गुंडीत करून द्या. टोक मध्यभागी बांधायचं. पहिल्या काडीवरून लोकर घ्यायची, काडीला एक पूर्ण वेढा द्यायचा, पुढच्या काडीकडे जायचं. पुन्हा वेढा, पुन्हा पुढे. एक फेरी झाली की मध्यापासून ३ सेंटिमीटर बाहेर सरकून दुसरी. सात फेऱ्यांत जाळं भरतं. दोन गोष्टी सांभाळा. वेढा दर वेळी एकाच दिशेने द्यायचा, नाहीतर जाळ्याला दोन तोंडं होतात. आणि लोकर काडीपासून काडीपर्यंत सरळ राहील इतपतच ताणायची. फार ओढली की काड्या वाकतात आणि आधीच्या फेऱ्या लोंबायला लागतात.

हे सहा-सात वर्षांपुढच्या मुलांचं काम आहे. त्याआधीच्यांना कंटाळा येतो. हात चालू असताना त्यांना खऱ्या जाळ्याबद्दल सांगा. चक्रासारखं जाळं विणणारा कोळी आधी आरे ताणतो, मग आतून बाहेर एक तात्पुरती सैल फेरी घालतो, आणि मग बाहेरून आत येत चिकट धाग्याची दाट फेरी विणतो. आरे चिकट नसतात, आणि तो चालतो ते त्यांच्यावरून. पाऊस संपता संपता झुडपांत मोठी जाळी दिसतात. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जाऊन बघा आणि हात न लावता मोजा, किती आरे आहेत. एका मुलाने परत येऊन आपल्या जाळ्याला आणखी दोन काड्या बांधायला लावल्या. तसं जाळं जास्त वेळ खातं, पण दिसतं देखणं.

रंगाचं एक लक्षात घ्या. पांढरं जाळं फक्त गडद भिंतीवर उठून दिसतं. फिकट, पिस्ता किंवा क्रीम रंगाच्या भिंतीला काळं किंवा जांभळं जाळं करा.

पायमोज्याचा भोपळा

शाळेचे पांढरे पायमोजे जोडीने विकत आणतो आणि वर्षभरात एकेकटे उरतात. तो एकटा पायमोजा घ्या, टाचेपर्यंतच्या भागात चिंध्या किंवा कापूस ठासून भरा, तोंड बांधा आणि उरलेला भाग कापून टाका. मोठ्या संत्र्याएवढा मऊ चेंडू झाला पाहिजे. वर्तमानपत्राचा गोळा घेऊ नका, तो दबत नाही. आणि आपल्याला पुढे दाबायचं आहे.

केशरी लोकरीचं टोक चिकटपट्टीने लावा आणि चेंडूच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, पुन्हा वर, असं गुंडाळत राहा. दर वेढ्याला चेंडू किंचित फिरवायचा. आडवं गुंडाळायचं नाही. उभं गुंडाळल्यानेच दोन्ही टोकांना लोकर दाटते आणि खरा भोपळा चपटा असतो तसा चपटेपणा येतो. पांढरं दिसेनासं होईपर्यंत चालू ठेवा. भोपळ्याला लोकर बरीच खर्ची पडते, म्हणून दोन-तीन गुंड्यांतली केशरी, पिवळसर, विटकरी अशी मिसळलीत तरी उत्तम. बाजारातलं डांगर तरी कुठे एका रंगाचं असतं.

आता खाचा. विटकरी लोकर चौपदरी करून दोन मीटर घ्या आणि मिठाईचा पुडा बांधतात तसं चेंडूभोवती बांधा : खालून वर, वर पीळ देऊन काटकोनात वळून पुन्हा खाली. मग त्या चार भागांच्या मधून आणखी दोन वेळा. आठ फोडी होतील. दर वेळी मोठ्या माणसाने जोर लावून ओढायचं, म्हणजे फोडी फुगतात. वर द्राक्षाच्या काडीचा बोटभर तुकडा देठ म्हणून खोचा. हिरव्या लोकरीचा एक दोरा पेन्सिलीवर गुंडाळून, फेविकॉल लावून वाळवला की वेलीचा तणावा होतो. नाक-डोळे काळ्या कागदाचे त्रिकोण. पण लगेच चिकटवू नका. मुलांना ते भोपळ्यावर इकडेतिकडे ठेवून पाहू द्या. डोळे थोडे जवळ आणले की भोपळा चिडका दिसतो, लांब नेले की भोळा. हा खेळ अर्धा तास चालतो.

आपली भुतं

तिकडचं भूत म्हणजे पांढरी चादर. ते करायला सोपं आहे. मुलाची कंपासपेटी घ्या आणि तिच्या लांबीवर पांढऱ्या लोकरीचे ४० वेढे घ्या. एका टोकाला वेढ्यांच्या खालून दोरा ओवून घट्ट बांधा, हाच पुढे टांगायचा. दुसऱ्या टोकाला कापा. सुपारीएवढा कापसाचा बोळा लोकरीच्या मधोमध, गाठीच्या खाली ठेवा, चहूबाजूंनी लोकर त्याच्यावर ओढा आणि बोळ्याच्या खाली मान बांधा. डोळे चिकटवा. खालची टोकं बोटांनी विंचरा. अ‍ॅक्रेलिकचे पदर सुटून नागमोडी होतात आणि भूत तरंगल्यासारखं दिसतं. पंख्याच्या वाऱ्यावर तर फारच.

पण आमच्या चटईवर चादरवालं भूत एक वर्षच टिकलं. पुढच्या वर्षी मुलांनी घरच्या आजी-आजोबांकडून भुतं गोळा करून आणली. पिंपळावरचा मुंजा आला. त्याच्या डोक्याला काळ्या लोकरीचे सहा दोरे बांधून शेंडी केली. हडळ आली. तिला केस मोकळे हवेत, म्हणून काळ्या लोकरीचे २५ सेंटिमीटरचे तीसेक दोरे मधोमध बांधून डोक्यावर चिकटवले, आणि लग्नपत्रिकेच्या कागदाची दोन पावलं कापून उलटी लावली, टाचा पुढे. समोरच्या फ्लॅटमधली दुसरीतली मुलगी आधी त्या हडळीकडे बघायलाही तयार नव्हती. तिला पावलं चिकटवायचं काम दिलं. चिकटवून झाल्यावर तिने हडळीचे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या आणि रात्री ती हडळ आपल्याच घरी नेली.

घाबरणाऱ्या मुलाला 'भूतबित काही नसतं' असं सांगून फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत आहे. त्याला त्या भुताचा एखादा अवयव करायला द्यावा.

वटवाघूळ आणि ममी

वटवाघळाचा पंख म्हणजे खरोखर त्याचा हात असतो. लांबलचक बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. म्हणून पंखांसाठी मुलाचेच पंजे वापरा. काळ्या कागदावर दोन्ही हात बोटं फाकवून ठेवा, कडेने रेघ मारा, बोटांच्या टोकांमध्ये आत वळणारी कमान काढून कापा. मध्ये कोळ्याच्या पोटासारखाच, ६ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर केलेला काळा गोंडा, वर कागदाचे दोन टोकदार कान. पाठीमागे तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पंजे किती वाढले ते कळतं. वटवाघळं उलटीच टांगायची, हे वेगळं सांगायला नको.

तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी ममी. प्लास्टिकच्या रिकाम्या बरणीवर दुतर्फा चिकटपट्टीच्या चार उभ्या पट्ट्या लावा आणि पांढरी लोकर हातात द्या. कसंही गुंडाळलं तरी ते बरोबरच दिसतं. डोळे पट्ट्यांमधून डोकावतील असे लावा.

दोऱ्याचा कंदील

फुग्यावर दोरा गुंडाळून केलेला पोकळ गोळा, आत दिवा. दिसायला सगळ्यांत सुंदर आणि बिघडायलाही सगळ्यांत सोपा. इथे अ‍ॅक्रेलिकची लोकर नको, ती फेविकॉल नीट पीत नाही. जाड सुती दोरा किंवा सुती लोकर घ्या. दोन वाट्या फेविकॉलला एक वाटी पाणी. फुगा नारळाएवढा फुगवा आणि दोरीला टांगा. दोरा या मिश्रणातून काढून, निपटून, सगळ्या दिशांनी गुंडाळत जा. दिवा आत घालण्यासाठी गाठीभोवती वाटीएवढी जागा मोकळी सोडा.

वाळायला पूर्ण २४ तास द्या, आणि सावलीत. पहिल्या वर्षी मी ३० तारखेच्या संध्याकाळी फुगे गुंडाळले आणि लवकर वाळावेत म्हणून सकाळी गच्चीत उन्हात ठेवले. ऑक्टोबरचं ऊन! आतली हवा तापून फुगली, तीन फुगे फुटले आणि ओला दोरा कोलमडून बसला. मुलांना समजावताना माझीच पंचाईत झाली. आता मी हे काम चार दिवस आधी करते आणि घरातच पंख्याखाली वाळवते.

वाळल्यावर फुगा लगेच फोडू नका. पेन्सिलीच्या मागच्या बाजूने दोऱ्यांच्या मधून फुगा हलके दाबत जा, म्हणजे तो चिकटला असेल तिथे सुटतो. मग गाठीजवळ चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यातून टाचणी टोचा. फुगा फट्कन न फुटता सावकाश आकसतो. फुग्याचे तुकडे लगेच उचलून टाका. न फुगवलेला फुगा किंवा त्याचा तुकडा घशात अडकून लहान मुलं गुदमरतात. आठ वर्षांखालच्यांना फुगवायलाही देऊ नये.

आणि यात पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवायची नाही. घरात दिवाळीच्या पणत्या असतात, मोह होतो. सुती दोरा पेटतो. अ‍ॅक्रेलिक पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. बॅटरीवरचा दिवाच वापरा. तोही बघून घ्या : बटणासारखे सेल असलेल्या दिव्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. ते सेल गिळले गेले तर अन्ननलिका आतून जळते आणि तासांचा खेळ होतो. पेन्सिल सेलवर चालणारी दिव्यांची माळ मला जास्त सुरक्षित वाटते.

लावायचं कुठे

जिन्यातल्या कठड्याला जाळी, प्रत्येक मजल्यावर एक-दोन कोळी, भुतं दारावरच्या चौकटीला, भोपळे चपला ठेवण्याच्या कपाटावर. टांगणारे दोरे मुलांच्या डोक्याच्या वर राहतील असे लावा, गळ्याच्या उंचीला एकही नको. शेजाऱ्यांना विचारून लावा. काही घरांत भुताखेतांचं काही दारावर नको असतं, आणि सणासुदीच्या दिवसांत ते समजण्यासारखं आहे. त्यांच्या दाराला आम्ही फक्त भोपळा देतो. तो कुणीच नाकारलेला नाही.

झाडांवर लोकर लावू नका. संक्रांतीनंतर मांज्यात अडकलेले पक्षी आपण नाशिककर दर वर्षी बघतो. लोकरीच्या धाग्यातही पाय तसाच अडकतो. बाल्कनीत लावलेलं जाळंसुद्धा १ तारखेला सकाळी आत घ्या.

सगळं उतरवलं की काड्यांची जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर, कोळी-वटवाघळं खोक्यात, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला. कंदील फार दिवस टिकत नाहीत. कापलेल्या लोकरीचा जो भुगा वर्तमानपत्रावर जमतो तो टाकू नका, पुढच्या वर्षीच्या पायमोज्यात भरायला तोच लागतो.

केशरी लोकर उरली असेल, आणि दिवाळी अजून यायची असेल, तर त्याच खाचेच्या पुठ्ठ्यावर आणखी गोंडे करा, काही केशरी, काही पिवळे. छाटताना जरा चपटे ठेवा. सुईत जाड दोरा ओवून एकाआड एक ओवा, मध्ये हिरव्या लोकरीची पानं. दोन हात लांबीच्या तोरणाला पंचवीसेक गोंडे लागतात. दारात लावलं की लांबून झेंडूच वाटतो. आमच्या दाराला ते तुळशीच्या लग्नापर्यंत असतं.